पाझर तलावावरचं लपण: पखुर्ड्यांच्या फोटोंसाठी बुटका आडोसा (कामाच्या नोंदी)

२ फेब्रुवारी. जागा

पाटोदा तालुक्यातला एक लहान पाझर तलाव. १९७२ च्या दुष्काळी कामांतला, अर्धा गाळाने भरलेला. पाऊस बरा झाला तर एप्रिलपर्यंत पाणी टिकतं. भोवती बालाघाटचा टिपिकल माळ: मुरूम, कुसळी गवत, लांब लांब एखादं हिवर. गुडघ्याच्या वर जाईल असं काही नाही. फक्त भिंतीच्या अंगाला वेड्या बाभळी माजल्यात.

लपण करायचं ते पखुर्ड्यांसाठी, म्हणजे काहीजण भट तितर म्हणतात त्या पक्ष्यांसाठी. दिवसभर माळावर कोरडं बी टिपायचं आणि सकाळी थव्याने पाण्यावर यायचं, हा त्यांचा नेम. आज भिंतीवर बसून दुर्बिणीतून फक्त पाहिलं. साडेआठच्या पुढे 'कुट-रो, कुट-रो' करत पहिला थवा आला. तलावावर दोन फेऱ्या, मग पाण्यापासून पन्नास-साठ पावलांवर उघड्या जमिनीवर उतरले. बराच वेळ नुसते उभे. मग तुरुतुरु पाण्यापर्यंत, चार-पाच घोट, आणि भुर्र. पाण्याजवळ अर्धा मिनिटही नाही.

बाभळींच्या बाजूला एकही उतरला नाही. सगळे पूर्वेच्या उघड्या उतारावर. ही गोष्ट वहीत लिहिली, पण तिचा अर्थ डोक्यात शिरायला पुढचा आठवडा गेला.

परवानगीचं आधी सांगतो. उताराला लागून नानांचं रान आहे, त्यांना विचारलं. ग्रामपंचायतीत अर्ज देऊन पोच घेतली आणि वनरक्षकांना फोन करून कल्पना दिली. ही जागा अभयारण्यात येत नाही. याच तालुक्यात नायगाव मयूर अभयारण्य आहे, तिकडे पैठणला नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय एक काठीसुद्धा रोवायची नाही. आणि अभयारण्याबाहेर असलं तरी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार सगळीकडेच बंद आहे. पाण्याकाठी आडोसा दिसला की गावाच्या मनात पहिला संशय फाश्यांचा येतो. आजच एका मेंढपाळाने विचारलं, "फासे मांडायलात का?" कॅमेरा दाखवला, दुर्बीण हातात दिली, तेव्हा कुठे बाबांची कळी खुलली.

६ फेब्रुवारी. पहिली खोपी

पूर्वेच्या काठावर पाण्यापासून तीस फुटांवर खोपी उभी केली. पूर्वेलाच, कारण सकाळचं ऊन पाठीवर हवं. चार बांबू, भोवती तुराट्यांचे कूड, वरून हिरवी शेडनेट, नेटवर कडबा पसरला. उंची पाच फूट; आत प्लास्टिकची खुर्ची टाकून आरामात बसता यावं म्हणून.

खर्च: बांबू ३२०, शेडनेट ६५०, सुतळी आणि बाइंडिंग तार ९०. तुराट्या नानांच्या बांधावरच्या, फुकट. वेळ: पूर्ण दुपार.

लांबून पाहिलं तेव्हा छान वाटलं. एवढ्या मोठ्या माळावर हिरवं एकच, ते आपलं.

१० फेब्रुवारी. खोपी नापास

दोन अडचणी. पहिली शेळ्यांची. कडबा दोन दिवसांत साफ आणि एका बाजूचा कूड आडवा. कडब्याने झाकलेलं काहीही माळावर उभं करणं म्हणजे शेळ्यांना आवतण देणं आहे.

दुसरी खरी अडचण. खोपी रिकामी असतानाही पखुर्ड्यांनी उतार सोडला. थवा यायचा, फेरी मारायचा आणि समोरच्या दक्षिण काठावर उतरायचा. टिटव्यांनी तर खोपीवर घिरट्या घालून कालवा मांडला. टिटवी ओरडत असेल तर बाकी कोणी खाली येत नाही, हे पक्कं धरून चाला.

नाना बांधावर उभे राहून बघत होते. म्हणाले, "भाऊ, तुम्ही रानाकडं बघायला खोपी केली, अन् समदं रानच तिच्याकडं बघायलंय."

मग दोन तारखेची नोंद परत वाचली. शिक्रा, रानमांजर, कोल्हा ही सगळी मंडळी झुडपाच्या आडून झडप घालतात, म्हणून पखुर्डी झुडपापाशी पाणी पीतच नाही. तिने हा काठ निवडला तोच उघडा आहे म्हणून. आडोसा नाही ही माझी अडचण. तिची ती सोय आहे. मी तिथे नवं झुडूप आणून ठेवलं होतं, तेही माणसाच्या उंचीचं.

शिवाय सावली. सकाळी साडेआठच्या सुमाराला सूर्य वीसेक अंशांवर असतो. तेव्हा पाच फुटी खोपीची सावली चौदा फूट लांब पडते, आणि ऊन पाठीशी घेतलंय म्हटल्यावर ती पडणार पक्ष्यांच्याच अंगणात. अडीच फुटी आडोशाची सात फुटांच्या आत राहते.

खोपी त्याच संध्याकाळी काढली. बांबू ठेवले, हिरवी नेट नानांच्या मिरचीच्या रोपांवर गेली.

१५ फेब्रुवारी. खड्डा

वर नको तर खाली जाऊ, असा विचार केला. पाण्यापासून पंचवीस फुटांवर सहा बाय तीनचा खड्डा आखला, खोली अडीच फूट धरली. दोन मजूर, टिकाव आणि पहार. फूटभर मुरूम निघाला, खाली कच्चा खडक लागला. पहार आपटली की ठिणग्या. दुपारपर्यंत सव्वा फूट झालं आणि दोघांनी हात टेकले. मजुरी १,०००. जेसीबीवाल्याला विचारलं, तो अर्ध्या तासाच्या कामाला यायला तयार नाही. बरंच झालं, तळ्याच्या पोटात जेसीबी घातला असता तर गावाने मलाच गाडलं असतं.

निघालेला मुरूम कडेलाच टाकला होता. आतला मुरूम पिवळट पांढरा, वरची जमीन उन्हाने तांबूस काळवंडलेली. अर्ध्या किलोमीटरवरून ढीग दिसत होता. संध्याकाळी घमेल्याने सगळा उचलून भिंतीच्या खाली नेऊन टाकला. तीन तास त्यातच गेले.

१६ फेब्रुवारी

खड्ड्यात सकाळी वीतभर पाणी. पाझर तलाव, तो पाझरणारच.

खड्डा बुजवला. ज्यांची जागा काळ्या मातीची असेल त्यांनीही खड्ड्याच्या नादी लागू नये. उन्हाळ्यात ती भेगाळते, कडा ढासळतात आणि भेगांत विंचू बसतात. टेकडावर, पाण्याच्या पातळीच्या बऱ्यापैकी वर मऊ मुरूम असेल तरच खड्डा.

२२ फेब्रुवारी. झोपून बसायचं लपण

आता जमिनीवरच, पण पोटावर झोपून. उंची सव्वादोन फूट, रुंदी चार, लांबी सात.

सांगाडा: आधी ठिबकच्या जुन्या नळ्यांच्या कमानी करून पाहिल्या. ओलं गोणपाट पडलं की बसतात. मग वेल्डिंगच्या दुकानातून ८ मिमी सळईच्या चार कमानी वाकवून आणल्या. प्रत्येकीला आठ फूट सळई लागते. दोन्ही टोकं पाऊण पाऊण फूट जमिनीत जातात. चारींचं वजन मिळून चार किलोच्या आत. सळई २५०, वाकवणावळ १५०. कमानींवरून लांबीला तीन तारा ताणल्या, नाहीतर मधे झोळ पडतो.

अंगावरचं कापड: धान्याची जुनी गोणपाटं, उसवून एकमेकांना शिवलेली. दहा पोती ३० प्रमाणे ३००. आतून काळ्या कापडाचं अस्तर, २८०. अस्तर का, ते पुढे येईलच. ते मी आज नाही, नंतर लावलं.

रंग: तिथलाच मुरूम पाण्यात कालवून गोणपाटावर थापला. वाळल्यावर वाऱ्याने पोपडे उडाले. दुसऱ्यांदा त्यात शेण आणि गव्हाचा भुसा घातला, घराला सारवण करतो तसं. हे टिकलं. वास चार दिवस येतो, माश्याही येतात, पण शेळ्या तोंड लावत नाहीत. रंग आजूबाजूच्या जमिनीशी इतका जुळला की नानांचा नातू पायवाटेने चालत आला आणि अडखळला.

कडेला जिथे गोणपाट जमिनीला टेकतं तिथे सरळ रेघ दिसते. ती मोडायला माळावरचे दगड आणि कुसळीचे झुबके असेच विस्कटून टाकले. दगड उचलताना हाताने नाही, काठीने उलटवायचा. या माळावर फुरसं असतं आणि ते दगडाखालीच असतं. मला दोन दगडांखाली विंचू मिळाले. फुरसं मिळालं नाही, पण त्या भरवशावर राहू नका.

लपण आज पाण्यापासून ऐंशी फुटांवर ठेवलंय. रिकामं.

२ मार्च. सरकवणे

रोज संध्याकाळी उशिरा, पक्षी नसताना, आठ-दहा फूट पुढे. कमानी उपटायच्या, दोघांनी दोन बाजूंनी अख्खं उचलायचं, पुन्हा रोवायचं. नानांचा नातू मदतीला असतो. वीस मिनिटांचं काम.

पखुर्ड्या परत पूर्वेच्या उतारावर उतरायला लागल्या. टिटवीने पहिल्या दिवशी घिरट्या घातल्या. आता लपणाच्या पाठीवर बसून शिटते.

खिडकीत काळा रंग मारलेली कोल्ड्रिंकची बाटली आडवी बांधून ठेवलीय. उद्या तिथे लेन्स आली तर नवीन काही वाटू नये म्हणून.

एक अडथळा. सरकवण्याच्या रेषेत माळटिटवीची चार अंडी निघाली. घरटं कसलं, खडेच मांडलेले. पाय पडता पडता वाचला. रेष चाळीस पावलं उत्तरेला घेतली. कोन थोडा बिघडला, आठनंतर ऊन किंचित कडेने येतं. चालेल. अंड्यांवरून आई उठली आणि मार्चच्या उन्हात तशीच राहिली तर अंडी भाजून निघतात.

९ मार्च. पहिली बैठक

लपण पाण्यापासून बावीस फुटांवर. ६०० मिमी लेन्स, फुल फ्रेम कॅमेरा; दहा मीटरवर चौकटीत साधारण ६० सेंटीमीटर रुंदीचा तुकडा मावतो. पखुर्डी फूटभराची, म्हणजे जेमतेम अर्धी चौकट. त्यामुळे सात मीटर हे अंतर बरोबर.

साडेपाचला आत. आधी टॉर्च आणि काठीने आतला प्रत्येक कोपरा झाडून घेतला. नातू सोबत आला आणि मला आत सोडून मोठमोठ्याने गाणी म्हणत परत गेला. दोघं आले, एक गेला, हा हिशोब पक्ष्यांना लागत नाही. उजाडल्यावर गेलात तर ही युक्ती फार कामाची. अंधारात तिचा उपयोग एवढाच की टिटव्यांनी त्याच्यामागे ओरडून घेतलं आणि माझ्याकडे लक्ष दिलं नाही.

शेकाट्या, कंठेरी चिखल्या, धोबी सगळे हाताच्या अंतरावर. साडेआठला पखुर्ड्या उतरल्या. चालत चालत निम्म्यात आल्या आणि थबकल्या. माना वर. एकीने पाय मागे घेतला, आणि सगळा थवा उडाला. तीनदा असंच.

नंतर नातवाला आत झोपवून मी बाहेरून पाहिलं तेव्हा कारण कळलं. मागची झडप हवेसाठी उघडी ठेवली होती. ऊन पाठीमागून येतंय, गोणपाटाची वीण सैल. आत कोणी हललं की अख्खी सावली बाहेरून दिसते. सिनेमाच्या पडद्यावर दिसते तशी.

उपाय: आतून काळं अस्तर, मागे दुहेरी काळा पडदा, खिडकीला मच्छरदाणीची काळी जाळी आणि लेन्सभोवती जुन्या पँटच्या पायाची बाही. हवेसाठी मागे अगदी जमिनीलगत दोन विटांएवढी फट. वर नाही, खाली. हे पहिल्याच दिवशी अंगावरच्या कापडासोबत केलं असतं तर एक आठवडा वाचला असता.

१५ मार्च. पाणी पळतंय

खुंट्या मारून मोजलं: काठ आठवड्याला दहा-बारा फूट मागे सरकतोय. उतार इतका सपाट की पाणी बोटभर उतरलं तरी काठ हातभर लांब जातो. बाष्पीभवन, पाझर आणि नानांची मोटर, तिन्हींचा वाटा. म्हणजे बावीस फुटांवर ठेवलेलं लपण आठवड्यात चौतिसावर. कायमचं लपण बांधायचा विचार करणाऱ्यांनी आधी खुंट्या माराव्यात. उचलता येणार नसेल तर मार्चमध्ये तुमचं लपण कोरड्या गाळाचे फोटो काढेल.

मागे सरकलेल्या काठावर आता मुरूम नाही, गाळ आहे; राखाडी, वरून तडकलेला. तांबडं लपण त्यावर उठून दिसायला लागलं. पुन्हा सारवलं, या वेळी गाळाने. कमानींची टोकं गाळात घट्ट बसत नाहीत. प्रत्येक टोकापाशी गाळाने भरलेलं एक पोतं टेकवलं.

दहानंतर पश्चिमेचा वारा सुटतो आणि खिडकीवरचं गोणपाट फडफडतं. झालर कापून टाकली, खालच्या कडेत बारीक खडे शिवले.

२३ मार्च. जमलं

आठ वाजून गेल्यावर बारा-पंधरांचा थवा. उभे राहिले, ऐकलं, चालत आले आणि थेट समोर पाण्यात चोची. पितात ते एका दमात घोट ओढून, मग मान वर. शटर सायलेंटवर होतं. लेन्स हलवायची असेल तर ती फक्त माना खाली असताना.

माद्या पिऊन उडाल्या, दोन नर मागे राहिले. एकजण पोटापर्यंत पाण्यात शिरला, पोटाची पिसं फुलवली आणि बसल्या जागी अंग पुढे-मागे घासायला लागला. उठला, पाहिलं, पुन्हा बसला. तपकिरी काळी पिसं भिजून चिकटली, टोकांना थेंब लोंबत होते. पिल्लांसाठी नर पोटाच्या पिसांत असं पाणी भरून नेतो आणि पिल्लं ते पिसांतून चोखतात. वाचलेलं होतं. सात मीटरवरून चिखलाचा शिंतोडासुद्धा दिसतो.

कामाचे फोटो सगळे नऊच्या आधीचे. नऊनंतर गाळ तापून हवा थरथरते. लेन्स जमिनीपासून नऊ इंचांवर असल्याने ते जास्तच जाणवतं. त्यानंतरच्या फोटोंत एकही डोळा धारदार नाही. लेन्सला दोष देऊ नका आणि दुरुस्तीला तर मुळीच टाकू नका.

मान आणि कोपरं कामातून जातात. छातीखाली तांदळाचं अर्धं पोतं घेतलं, बराच फरक पडला. कॅमेऱ्याखाली वाळू भरलेला सपाट तवा. गाळावर ढकलला की सरकतो आणि ट्रायपॉडची गरज राहत नाही.

६ एप्रिल

पाडवा झाला, ऊन चढलं. साडेनऊला आत थांबणं धोक्याचं आहे. काळं अस्तर, खाली गाळ, वारा नाही. आज डोकं गरगरलं म्हणून उठलो आणि बसलेला थवा उडवला. इथून पुढे साडेपाच ते पावणेनऊ, दोन लिटर पाणी, मीठ-साखर. थवा समोर असेल तर तो उडेपर्यंत दम धरायचा, म्हणून मुळात वेळ काठावर नेऊच नये.

१९ एप्रिल. लपण काढलं

तळ्यात आता भिंतीकडच्या खोलगटात एक डबकं उरलंय. तीन बाजूंना वेड्या बाभळी, उघडा काठ एकच आणि माझं लपण त्याच्यावर. दूर थांबून पाहिलं: दोन थवे उतरले, उभे राहिले, पाणी न पिता गेले. मार्चमध्ये त्यांना एक काठ नको वाटला तर दुसरा होता. आता दुसरा नाही आणि पिल्लांचे दिवस आहेत. तासाभरात सगळं उपटून भिंतीच्या पलीकडे नेलं. नंतर तिसरा थवा आला तो प्यायला.

नानांशी बोलणं झालं. विहिरीच्या पाइपाला एक टी जोडून माळाच्या कडेला सहा फुटी उथळ खळगा करायचा, मोटर चालू असेल तेव्हा भरेल. तळाशी जुनी ताडपत्री, तिच्यावर मुरूम. काठ चारी बाजूंनी उघडा आणि इतका उतरता की पिल्लू पडलं तरी चालत बाहेर येईल. टी आणि कॉकचे २१० मी दिले. तिथे लपण लावणार नाही, निदान या उन्हाळ्यात तरी.

हिशोब: खोपी १,०६०, त्यातले बांबू आणि नेट कामी आले. खड्डा १,०००, पूर्ण पाण्यात. बुटकं लपण: सळई, वाकवणावळ, पोती, अस्तर, जाळी, तार मिळून १,१२०. थेट तिसऱ्यावर आलो असतो तर एवढ्यातच भागलं असतं.

कमानी नानांकडे आहेत, कांद्याच्या रोपांवर जाळी टाकायला. ऑक्टोबरात परत घ्यायच्या. गोणपाटं मात्र जाळावी लागली, शेणामुळे आतून वाळवी लागली होती. पुढच्या वेळी सारवणात थोडी राख घालून बघणार.